पुणे-नाशिक रस्त्यावरची द्राक्षं आणि बोर्दोचा वाडा

चाकणच्या कारखान्यांत परदेशी पाहुण्यांची ये-जा नवी नाही. जाताना त्यांतला कुणी फ्रेंच लाल वाइनची बाटली हातात ठेवतो. ती कपाटाच्या वरच्या खणात जाते आणि मग केव्हातरी घरातलं कुणीतरी मोबाइलवर तिची किंमत शोधतं. पुढचा प्रश्न ठरलेला असतो. एका बाटलीला द्राक्षं लागतात किलो-सव्वा किलो. नारायणगावला फेब्रुवारीत रस्त्याकडेला तेवढी द्राक्षं चहा-नाश्त्याच्या पैशांत मिळतात. मग बाटली हजारांत कशी? आणि फ्रान्समधल्या काही घराण्यांची एकेक बाटली पन्नास हजारांच्या घरात कशी जाते?

आयात कराकडे बोट दाखवून मोकळं होता येतं. भारतानं अनेक वर्षं आयात वाइनवर 150 टक्के सीमाशुल्क घेतलं, त्यानं इथली किंमत फुगली हे खरंच. पण ती बाटली फ्रान्समधल्या बोर्दोच्या दुकानातही स्वस्त नसते. दुसरं उत्तर असतं ‘नावाचे पैसे’. त्यातही तथ्य आहे. मात्र ते नाव कशावर उभं राहतं हे समजायला आधी द्राक्षाच्या मण्यात शिरावं लागेल.

1. रंग सालीत असतो

नारायणगावची काळी जम्बो द्राक्षं घ्या आणि एक मणी सोलून पाहा. आतला गर फिकट हिरवट निघतो. काळा रंग सगळा सालीत. वाइनच्या बहुतेक काळ्या द्राक्षांचंही तसंच आहे. नुसता रस काढून आंबवला तर फिकट वाइन होते. लाल हवी असेल तर रस, साल आणि बिया यांना आठवडा-दोन आठवडे, कधी तीन, एकत्र मुरू द्यावं लागतं.

सालीतून रंगाबरोबर आणखी एक गोष्ट उतरते, ती म्हणजे टॅनिन. जांभूळ खाल्ल्यावर जीभ जांभळी होते आणि त्याच वेळी कोरडी, खरखरीत पडते. हा तुरटपणा टॅनिनच्या जातीचाच. लाल वाइनचा पहिला घोट अनेकांना आवडत नाही तो यामुळे. पण हेच टॅनिन वाइनला वर्षानुवर्षं टिकवायला मदत करतं आणि काळानुसार त्याची धार उतरते. पंधरा-वीस वर्षं ठेवून प्यायच्या वाइन बहुधा लाल असतात, त्यामागे हे मोठं कारण आहे.

आता एक छोटं गणित. वाइनचा मणी साधारण 12 मिलिमीटर व्यासाचा धरू आणि निर्यातीचा खाण्याचा मणी 20 मिलिमीटरचा. गोलाचं पृष्ठफळ आणि घनफळ यांचं गुणोत्तर व्यासाच्या उलट चालतं. म्हणजे तेवढ्याच रसामागे लहान मण्याला मोठ्या मण्याच्या दीडपटीहून जास्त साल मिळते. जुन्नरचा बागायतदार जीएच्या (जिबरेलिक ॲसिडच्या) फवारण्या आणि डिप देऊन मणी फुगवतो, कारण त्याचा ग्राहक मण्याचा आकार पाहून पैसे मोजतो. बोर्दोच्या शेतकऱ्याला मणी बारीक, जाड सालीचा आणि बियांचा हवा असतो. एकाच पिकातले हे दोन धंदे जवळपास उलट्या दिशांना जातात. खाण्याची उरलेली द्राक्षं आंबवून उत्तम लाल वाइन होईल ही कल्पना म्हणूनच फसते.

2. पिंपरीच्या टाक्या आणि वाइनची टाकी

आंबवण्याचं शास्त्र पिंपरीला परकं नाही. हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीनं इथे उभा राहिला आणि 1955 पासून त्याच्या टाक्यांत पेनिसिलिन बनू लागलं. पेनिसिलिनची बुरशी नाजूक. तिला सतत हवा लागते, आणि ती हवाही जंतुविरहित असावी लागते. टाकी वाफेनं निर्जंतुक करायची, कारण परका जीवाणू घुसला की सगळी खेप वाया.

वाइनमध्ये काम करतं यीस्ट. ते साखर खाऊन अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार करतं आणि त्यासाठी त्याला हवा पुरवत बसावं लागत नाही. द्राक्षाचा रस मुळातच आंबट असल्यानं बरेचसे जंतू त्यात तग धरत नाहीत, उरलेल्यांना वाढतं अल्कोहोल आवरतं. स्टेनलेस स्टीलची यंत्रं नसतानाही माणूस हजारो वर्षं वाइन करू शकला तो या सोयीमुळे. तरी ती बिघडायचीच. का बिघडते याचा शोध लुई पाश्चरनं तिसऱ्या नेपोलियनच्या सांगण्यावरून घेतला आणि 1866 मध्ये वाइनवरचा ग्रंथ प्रसिद्ध केला. दुधाच्या पिशवीवर आपण ज्याचं नाव वाचतो, त्याची ती तापवण्याची युक्ती वाइनच्या अभ्यासातून आली.

अल्कोहोल किती होणार याचा अंदाज बागेत उभ्या उभ्या बांधता येतो. जुन्नर-आंबेगावचे शेतकरी रिफ्रॅक्टोमीटरवर थेंब टाकून ‘ब्रिक्स’ पाहतातच. 24 ब्रिक्स म्हणजे 100 ग्रॅम रसात 24 ग्रॅमच्या आसपास विरघळलेला ऐवज, त्यात बहुतांश साखर. या आकड्याला 0.55 नं गुणलं की 13.2. वाइन साधारण 13 टक्क्यांची होईल. खाण्याचं द्राक्ष 18 ब्रिक्सला तोडलं तर हिशेब 10 टक्क्यांच्या आतच थांबतो.

टाकीत साली वर तरंगून जाड थर धरतात. खालचा रस पंपानं वर आणून तो थर रोज भिजवावा लागतो, नाहीतर रंग नीट उतरत नाही. आंबताना उष्णता निघते आणि तापमान 30 अंशांच्या फार वर गेलं की यीस्ट दमतं. आपल्याकडे तोडणीच फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात असल्यानं टाकीभोवती थंड पाण्याचं आवरण हवंच. ते करून देणं भोसरीच्या फॅब्रिकेटरला अवघड नाही. यंत्राचा भाग इतका सरळ आहे. मग किंमत येते कुठून?

3. एका वेलीला एक बाटलीही नाही

बोर्दोच्या मेदोक भागात एका हेक्टरवर 10,000 पर्यंत वेली असतात, गुडघ्या-कमरेएवढ्या, दाटीनं लावलेल्या. तिथे हेक्टरी किती वाइन काढायची यालाही कायद्यानं मर्यादा आहे. 45 हेक्टोलिटर, म्हणजे 4,500 लिटर, हा आकडा धरून चालू. 750 मिलिलिटरच्या बाटल्या भरल्या 6,000. एका वेलीच्या वाट्याला अर्ध्या बाटलीहून थोडी जास्त. द्राक्षांत मोजलं तर वेलीला साधारण 600 ग्रॅम.

आता जुन्नरची बाग. 9 बाय 5 फुटांवर लावण, एकरी साडेनऊशेच्या आसपास वेली, चांगलं वर्ष असलं तर एकरी 10 टन माल. एका वेलीला 10 किलो. म्हणजे बोर्दोच्या वेलीच्या सोळापट! वेलीनं तयार केलेली साखर, रंग, वास थोड्या घडांत वाटले गेले की घड दाटसर होतात. त्यासाठी तिथले लोक हिरवे घड कापून जमिनीवर टाकतात. आपल्या शेतकऱ्याला ते बघवणार नाही. त्यात त्याचं काहीच चुकत नाही, कारण त्याला पैसे किलोवर मिळतात.

पुढे लाकडी पिंप. बोर्दोचं ओकचं पिंप 225 लिटरचं असतं, त्यात बरोबर 300 बाटल्या बसतात. वाइन त्यात दीड-पावणेदोन वर्षं राहते. लाकडातून थोडी उडून जाते म्हणून पिंप वरचेवर भरत राहायचं. दर तीन महिन्यांनी गाळ मागे सोडून ती दुसऱ्या पिंपात घ्यायची. शेवटी अंड्याचा पांढरा बलक घालून तिला नितळ करायची जुनी रीत आहे. उरलेल्या पिवळ्या बलकांतूनच बोर्दोची कानले नावाची मिठाई जन्मली असं तिथले लोक सांगतात. खरं-खोटं असो, गोष्ट चविष्ट आहे.

4. मूताँचं घराणं

या सगळ्यावर एकाच घराची मालकी असली की काय होतं ते पाहायला मेदोकमधल्या पोयाक गावी जाऊ. तिथे शातो (म्हणजे वाडा) मूताँ रोथशिल्ड ही सुमारे 200 एकरांची वाडी आहे. नथानिएल द रोथशिल्डनं ती 1853 मध्ये विकत घेतली. दोनच वर्षांनी पॅरिसच्या प्रदर्शनासाठी बोर्दोच्या दलालांनी भावाच्या आधारे वाड्यांची प्रतवारी लावली. पहिल्या प्रतीत लाफीत, लातूर, मार्गो आणि ओ-ब्रियाँ असे चौघे बसले (यातल्या लातूरचा मराठवाड्याशी संबंध नाही). मूताँ दुसऱ्या प्रतीत राहिली.

1922 मध्ये कारभार त्याच घराण्यातल्या, विशीतल्या फिलिपकडे आला. तोवरची पद्धत अशी होती की वाडी वाइन करायची, पिंपं बोर्दो शहरातल्या व्यापाऱ्याकडे जायची आणि बाटल्या तो भरायचा. त्यात काय मिसळलं जातंय हे वाडीच्या मालकाला कळायचा मार्ग नसे. फिलिपनं 1924 मध्ये ठरवलं की आपली सगळी वाइन आपल्याच अंगणात बाटलीत भरायची. ऐकायला साधी वाटते, पण या धंद्यातली सर्वांत मोठी उडी मला हीच वाटते. व्यापाऱ्याकडे जाणारी पिंपं आता घरातच साठवायची म्हणून 1926 मध्ये शंभर मीटर लांबीचं कोठार बांधावं लागलं. भांडवल अडकलं. पण वेलीपासून बुचापर्यंतची जबाबदारी एकाच नावावर आली. फ्रेंच बाटलीवर ‘वाड्यातच भरलेली’ अशा अर्थाची जी ओळ छापलेली असते, तिच्यामागे हा व्यवहार आहे.

1930 चं पीक वाईट निघालं. फिलिपनं ती वाइन मूताँच्या नावानं विकली नाही, ‘मूताँ कादे’ असं धाकटं नाव देऊन स्वस्तात काढली. ज्याला पुढची पन्नास वर्षं त्याच नावावर विकायचं आहे त्यालाच हे परवडतं. युद्धात वाडी हातची गेली आणि पत्नी एलिझाबेथ 1945 मध्ये रावेन्सब्रुकच्या छळछावणीत मरण पावली. त्या वर्षीच्या बाटलीवर विजयाचा ‘व्ही’ छापला गेला आणि तेव्हापासून जवळजवळ दर वर्षी नव्या चित्रकाराचं चित्र लेबलवर येऊ लागलं. दाली, शगाल, पिकासो असे सगळे तिथे आहेत. 2009 च्या लेबलवर मुंबईत जन्मलेल्या अनीश कपूरचं चित्र आहे.

प्रतवारी बदलून घेण्यासाठी फिलिप अनेक दशकं भांडला. 1973 मध्ये मूताँला पहिली प्रत मिळाली, तेव्हा फ्रान्सचे कृषिमंत्री होते जाक शिराक. 1988 मध्ये फिलिप गेल्यावर मुलगी फिलिपीन आणि 2014 नंतर तिची मुलं कारभार पाहू लागली. दीडशेहून जास्त वर्षं घर एकच.

5. नारायणगावचा प्रयोग

तमाशाचे फड, टोमॅटोचा बाजार आणि खोडदची जीएमआरटी दुर्बीण यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या नारायणगावात 1980 च्या दशकात एक धाडस झालं. चाकणहून राजगुरुनगर, मंचर ओलांडून तासा-दीड तासावरचं हे गाव. श्यामराव चौगुले यांनी फ्रान्सच्या पायपर-हाइडसिक या शॅम्पेन कंपनीचं तांत्रिक साहाय्य घेऊन इथे वाइनरी उभारली. त्यांची ‘ओमर खय्याम’ ही फेसाळती वाइन ब्रिटनपर्यंत गेली. बाटलीत दुसऱ्यांदा आंबवण्याची अस्सल शॅम्पेनची रीत सह्याद्रीच्या पायथ्याशी जमली, हे तेव्हा युरोपातल्या लोकांनाही नवल वाटण्यासारखं होतं. पुढे ‘शातो इंडाज’ या नावानं लाल वाइनही आल्या. भारतातल्या आजच्या वाइन धंद्याची सुरुवात सांगताना नाशिकच्या आधी नारायणगावचं नाव घ्यायला हवं. ते फारसं घेतलं जात नाही, याचं मला वाईट वाटतं.

घराणं होतं, फ्रेंच तंत्र होतं. वातावरणाशी मात्र नव्यानं जुळवून घ्यावं लागलं. बोर्दो 45 अंश अक्षांशावर, नारायणगाव 19 वर. तिथे थंडीत वेल झोपते आणि वसंतात आपोआप जागी होते. इथे ती झोपतच नाही. म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी करून काडी तयार करायची आणि ऑक्टोबरात फळछाटणी करून, डोळ्यांना हायड्रोजन सायनामाइडचं पेस्टिंग करून तिला फुटायला भाग पाडायचं. दोन छाटण्या, पीक एक. माल मात्र उन्हाळा चढत असताना पिकतो. साखर झपाट्यानं भरते, आम्ल घटतं आणि सालीतला रंग-तुरटपणा मागे राहतो. तोडणी आठ दिवस लांबली तरी वाइनचा तोल जातो. उष्ण हवेत रुळणारी शिराझ ही जात महाराष्ट्रात काबर्ने सोविन्यो या जातीइतकीच, किंबहुना जास्त पसरली ती यामुळे.

एक गोष्ट मात्र दोन्हीकडे सारखी आहे. 1860 नंतर फिलॉक्सेरा या मुळं खाणाऱ्या किडीनं फ्रान्सच्या बागा उजाड केल्या, तेव्हा उपाय सापडला अमेरिकन खुंटावर फ्रेंच वेल बांधण्याचा. आपल्याकडे क्षार आणि पाण्याच्या ताणासाठी बागायतदार ज्या डॉगरिज खुंटावर कलम करतात तोही मूळचा अमेरिकेचाच.

इंडाजची कथा पुढे कशी गेली? 2001 मध्ये राज्यानं द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क जाहीर झाले, वाइनरींची संख्या भराभर वाढली. इंडाज शेअर बाजारात नोंदलेली कंपनी होती. तिनं विस्ताराचा वेग वाढवला, परदेशातल्या वाइनरीही विकत घेतल्या. 2008 ची मंदी आली, मुंबईवरच्या हल्ल्यानंतर हॉटेलं ओस पडली आणि कर्ज अंगावर आलं. अखेर उच्च न्यायालयानं कंपनी गुंडाळण्याचा आदेश दिला. त्या मंदीत करारावर वाइनची द्राक्षं लावलेल्या महाराष्ट्रातल्या अनेक शेतकऱ्यांनी वेली उपटल्या. खाण्याचं द्राक्ष एका व्यापाऱ्यानं नाकारलं तर दुसरा घेतो. काबर्नेचे बारीक, बियांचे घड मंचरच्या बाजारात कोण घेणार?

माझ्या मते खरी अडचण इथे होती आणि ती एकट्या इंडाजची नव्हती. बाग एकाची, वाइनरी दुसऱ्याची. शेतकऱ्याला वजन हवं, वाइनरीला दाट रस. करारात ब्रिक्सची अट घालता येते, पण हिरवे घड कापून टाकायची इच्छा करारातून येत नाही.

6. अठरा एकरांत शातो बसेल का?

बाग आणि वाइनरी एकाच घराची असावी म्हटलं की जाणकार वाचक कायदा काढेल. महाराष्ट्राच्या 1961 च्या कमाल जमीन धारणा कायद्यानुसार बारमाही ओलिताची जमीन कुटुंबाला 18 एकरांपर्यंतच ठेवता येते. मूताँसारखी 200 एकरांची वाडी एका घराला इथे शक्यच नाही. पण 18 एकर म्हणजे सुमारे 7.3 हेक्टर. मघाच्या हिशेबानं वर्षाला 43-44 हजार बाटल्या. बोर्दोच्याच पोमरोल भागातलं ‘ल पँ’ तीन हेक्टरांहून लहान आहे आणि त्याची बाटली मूताँहून महाग जाते. तेव्हा एकर आडवे येत नाहीत.

वेळ आडवा येतो. लावणीनंतर तिसऱ्या-चौथ्या वर्षी बरा माल, मग दीड-पावणेदोन वर्षं पिंपात, मग बाटलीत. पहिला रुपया पाच-सहा वर्षांनी. खाण्याच्या द्राक्षाचा पैसा दर मार्चला हातात येतो आणि त्यावर सोसायटीचं कर्ज फिटतं. बोर्दोनं यावर तोड काढलेली आहे. तोडणीनंतरच्या वसंतात वाइन अजून पिंपात असतानाच व्यापारी ती चाखून पैसे मोजतात, माल दीड-दोन वर्षांनी नेतात. असा आगाऊ पैसा फक्त ओळखीच्या नावालाच मिळतो, आणि नाव व्हायला पुन्हा वेळच लागतो.

दुसरी अडचण वाटणीची. नेपोलियनच्या 1804 च्या संहितेनं फ्रान्समध्येही सगळ्या मुलांना वाटा दिला. त्याचा परिणाम बुर्गोन्य भागात दिसतो. क्लो द वूजो हा सुमारे 50 हेक्टरांचा एकच कुंपणबंद मळा आज 80 च्या आसपास मालकांत विभागलेला आहे. आपल्या सातबाऱ्यावरच्या नावांची रांग आठवावी. आपण 1947 मध्ये तुकडेबंदीचा कायदा करून पाहिला, तुकडे पडायचे ते पडलेच. फ्रान्सनं 1970 च्या कायद्यानं वेगळी वाट दिली. जमीन एका शेतकी मंडळाच्या नावावर करायची आणि वारसांनी बांध न घालता त्या मंडळाचे हिस्से वाटून घ्यायचे. पॅरिसला नोकरी करणाऱ्या भावाला त्याच्या वाट्याचं उत्पन्न मिळतं, वेलीच्या ओळीत मोजणीची साखळी पडत नाही.

7. अकलूजची वाडी

पुणे जिल्ह्यातच रोटी गावाजवळ फोर सीझन्सची वाइनरी आहे, दिसायला थेट फ्रेंच शातो. ती उभारली युनायटेड ब्रुअरीज समूहानं, नंतर ती ग्रोव्हर झंपाकडे गेली. इमारत वाड्याची, मालकी कंपनीची. शातोच्या कल्पनेच्या अधिक जवळ जाणारी जागा शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात सापडते. माळशिरस तालुक्यात अकलूजचे मोहिते-पाटील बंधू, दिल्लीचे सेखरी बंधू आणि इटलीचे सेच्ची बंधू यांनी मिळून फ्रातेल्ली सुरू केली. वाइन करायला तोस्कानाचे पिएरो मासी आले. मोटेवाडी, गारवाड आणि निमगाव इथल्या स्वतःच्या बागांतली द्राक्षं घ्यायची हे त्यांनी पहिल्यापासून धरून ठेवलं. त्यांची वरच्या दर्जाची लाल वाइन ‘सेत्ते’ ही इटलीच्या सांजोवेझे आणि फ्रान्सच्या काबर्ने सोविन्यो या वाणांची आहे. हिरवे घड कापायचा निर्णय इथे बाग आणि वाइनरी एकाच टेबलावर बसून घेऊ शकतात.

तीन घरांचा हा संसार अजून पहिल्या पिढीच्या हातातून पुरता सुटलेला नाही. मूताँच्या वहीत एवढ्या काळाला जेमतेम एक पान मिळालं असतं.